मॅरिएटा: आधी मोजणी, मग पत्रं

अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. तिथून मॅरिएटा साधारण सव्वाशे मैल. इंटरस्टेट ७० ने पूर्वेकडे आणि मग ७७ ने सरळ दक्षिणेला, दोन तासांत मस्किंगम नदी ओहायो नदीला मिळते तिथे आपण पोचतो. गाव एका दिवसात पाहून होतं. कागदपत्रं पाहायची असतील तर मात्र दोन कामाचे दिवस हाताशी ठेवावेत आणि शनिवार-रविवार टाळावा. संग्रहालय एरवी पाहता येईल, पण हस्तलिखितांचा विभाग तुमच्या सुट्टीनुसार उघडत नाही.

७ एप्रिल १७८८ रोजी रूफस पटनम ४८ जणांची तुकडी घेऊन इथे उतरला. ही माणसं ओहायो कंपनीची, म्हणजे इथली जमीन घेऊन वसाहत करायला निघालेल्या न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) लोकांच्या कंपनीची. ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखातली, अमेरिकी सरकारच्या कायद्याखाली वसलेली ही पहिली कायमची वसाहत. बहुतेक प्रवासी थेट पटनमच्या घराकडे जातात. माझं मत वेगळं आहे. कॅम्पस मार्शियस संग्रहालयाच्या आवारात ओहायो कंपनीची जमीन कचेरी आहे, आधी ती पाहावी. १७८८ ची ही फळ्यांची बसकी इमारत ओहायोतली सर्वांत जुनी समजली जाते. या भागातलं त्या काळचं कुठलंही पत्र घ्या, राज्यपालाचं, सैनिकाचं की पाद्र्याचं, दोन परिच्छेदांत ते जमिनीवर येतं. मोजणी कशी व्हायची हे डोक्यात नसेल तर निम्मी पत्रं वाचूनही कळत नाहीत.

मोजणीचा हिशेब आपल्याला परका नाही. १७८५ च्या कायद्याने सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे ठरले. त्याचं नाव टाउनशिप. तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि १६ नंबरचा तुकडा शाळेसाठी राखीव. मोजायला ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी. ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी हिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. त्यामुळे इथली एक चौरस साखळी म्हणजे चार गुंठे, एवढं लक्षात ठेवलं की जुन्या नोंदवह्या भराभर वाचता येतात.

चौकोनच का? शेजारच्या केंटकीत चतुःसीमा लिहून जमिनी दिल्या गेल्या. अमुक ओढ्यापासून तमुक ओकच्या झाडापर्यंत, अशा. झाड पडलं, ओढा सरकला आणि एकाच जमिनीवर तीन-तीन दावे उभे राहिले. पुढे पिढ्यानपिढ्या कज्जे चालले. चौकोनांतही घोळ व्हायचेच. साखळी चढावर जमिनीलगत ताणली की अंतर जास्त भरतं, शिवाय होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असते. जुन्या वहीतली दिशा आजच्या नकाशावर जशीच्या तशी टाकली तर रेघ भलत्याच शेतातून जाते.

आता घर. पटनमचं घर जागेवरच आहे, संग्रहालय त्याच्याभोवती बांधलं आहे. मूळ तटबंदी १८० फूट लांब आणि तितकीच रुंद होती, कोपऱ्यांवर बुरूजघरं. हे घर त्या तटाचाच एक भाग होतं, म्हणून भिंतींच्या फळ्या इतक्या जाड.

कागदांसाठी तिथून मॅरिएटा कॉलेजच्या ग्रंथालयात चालत जाता येतं. पटनमचे कागद आणि ओहायो कंपनीच्या नोंदी तिथल्या विशेष संग्रहात आहेत. आधी ई-मेल करून वेळ ठरवावी आणि सूचीतला पेटी व फोल्डर क्रमांक कळवावा. ‘सीमाभागाचं राजकारण’ असा मोघम विषय सांगितला तर पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो. अशा वाचनकक्षांत शिसपेन्सिल चालते, पेन नाही. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि पानांचा क्रम मोडायचा नाही. फोटोला परवानगी असेल तर प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा घ्यावा. घरी आल्यावर शेकडो फोटोंत कुठलं पान कुठलं, हे दुसऱ्या कशाने कळत नाही.

पत्र हातात आलं की मजकुराआधी घडी पाहावी. तेव्हा पाकीट नसायचं. कागदच दुमडून बाहेर पत्ता लिहीत आणि लाखेने बंद करत. उघडताना लाखेजवळचा कागद फाटे, म्हणून कडेला गोल भोक आणि ओळीतले दोन-तीन शब्द गायब. ते शब्द बहुधा समोरच्या कडेवर, लाखेखाली चिकटलेल्या चतकोर तुकड्यावर असतात. पान उलटून पाहिल्याशिवाय ‘मजकूर नष्ट’ असं टिपू नये. बाहेरचा आकडा टपालखर्चाचा. १७९२ च्या कायद्याने एका कागदाला ३० मैलांपर्यंत सहा सेंट आणि ४५० मैलांपलीकडे २५ सेंट पडत. पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे आणि दोन कागद असले की दुप्पट. म्हणूनच लोक समासात, आडवंउभं, मिळेल तिथे लिहीत.

अक्षरांत सर्वांत फसवा लांब ‘एस’, तो ‘एफ’सारखा दिसतो. तारखेजवळ ‘इन्स्टंट’चं लघुरूप असेल तर चालू महिना आणि ‘अल्टिमो’चं असेल तर मागचा. हे चुकलं की घटनांचा क्रमच उलटा होतो. पटनमचं शालेय शिक्षण जेमतेम होतं आणि स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. त्याचं पत्र पुटपुटत, मोठ्याने वाचावं, लगेच उलगडतं. हिशेबात शिलिंग दिसले तर थांबून कुठले ते पाहावं: डॉलरला न्यू इंग्लंडचे सहा, पेनसिल्व्हेनियाचे साडेसात, न्यूयॉर्कचे आठ. कंपनीचे लोक न्यू इंग्लंडचे आणि माल पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गकडून येणारा, त्यामुळे एकाच वहीत दोन्ही हिशेब सापडले तर नवल नाही.

वाचायला सुरुवात १७९१ पासून करावी. २ जानेवारीला मस्किंगमच्या वरच्या अंगाला बिग बॉटम इथे डेलावेअर आणि वायनडॉट योद्ध्यांनी हल्ला केला आणि डझनभर वसाहतवाले मारले गेले. लाकडी गढीचं काम अर्धवट होतं, पहाराही नव्हता. ८ जानेवारीला पटनमने राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला पत्र लिहून सैन्य मागितलं. हे पत्र ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या अमेरिकी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, ते घरूनच वाचून निघावं. त्याच नोव्हेंबरच्या ४ तारखेला राज्यपाल आर्थर सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडाला, सहाशेहून अधिक सैनिक पडले. एप्रिल १७९२ मध्ये काँग्रेसने कंपनीला एक लाख एकर दिले. अट एकच: प्रत्येक प्रौढ पुरुषाला १०० एकर फुकट वाटायचे. उदारपणा वगैरे काही नाही. बंदूक धरू शकणारी माणसं हद्दीवर वसवून जिवंत कुंपण उभं करायचं होतं. या क्रमाने कागद लावले की कायदा, पत्र आणि जमिनीची वही एकमेकांशी बोलू लागतात.

मूळवासी जमातींची बाजू मात्र याच कागदांत दुभाष्याच्या तोंडून आणि कारकुनाच्या हातून येते. नदीपलीकडच्या फोर्ट हार्मरला ९ जानेवारी १७८९ रोजी तह झाला. कोणी सह्या केल्या यापेक्षा कोणाच्या नाहीत हे पाहावं. शॉनी आणि मायामी त्यात नाहीत, आणि पुढच्या लढाईत आघाडीवर तेच होते. किल्ल्याचं आज काहीच उरलेलं नाही.

त्यांच्याही आधीच्या लोकांची खूण गावात आहे. फिफ्थ स्ट्रीटवरच्या माउंड स्मशानभूमीत मधोमध प्राचीन मातीचा टेकाडवजा स्तूप आहे. कंपनीने त्याला लॅटिन नाव देऊन राखलं आणि भोवती आपली माणसं पुरली, पटनमही तिथेच. गावाचं सार्वजनिक ग्रंथालय तर अशाच दुसऱ्या उंचवट्यावर बांधलेलं आहे.

गाडी असेल तर परतताना नदीकाठाने खाली गॅलिपोलिसला जावं. १७८७ मध्ये कंपनीला जमीन मिळवून देताना तिचा प्रतिनिधी मनासे कटलर याने न्यूयॉर्कच्या सट्टेबाजांशी सौदा केला होता. त्यातून निघालेल्या सायोटो कंपनीने पॅरिसमध्ये मालकी नसलेली जमीन विकली. १७९० मध्ये सुमारे पाचशे फ्रेंच माणसं आली, तेव्हा हातातल्या कागदांना काडीचीही किंमत नव्हती. १७९५ मध्ये काँग्रेसने त्यांना २४,००० एकर दिले खरे, पण नदीच्या बऱ्याच खालच्या अंगाला. ज्यांना गॅलिपोलिसमधली बांधलेली घरं सोडायची नव्हती, त्यांना तीच जागा ओहायो कंपनीकडून पुन्हा विकत घ्यावी लागली.