देण्याआधी किती विचारायचं?

बुधवार, रात्री साडेदहा

वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर मराठवाड्याच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, ‘ताई, मराठी का?’ हो म्हटलं की पुढचं ठरलेलं. आम्ही परभणीकडचे, कामाला आलो होतो, ठेकेदार पैसे न देताच पळाला, लेकरं सकाळपासून उपाशी आहेत, गावाला जाण्यापुरतं बघा.

आज मावशीला माजलगावला बसवून द्यायला गेले होते. आमच्याशेजारी एक पन्नाशीची बाई उभी होती. युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ‘पाथरीला जायचंय. तिकिटापुरतं बघा की, ताई.’ मावशी माझा हात ओढत म्हणाली, ‘अगं, नेहमीचेच असतात हे. धंदा आहे त्यांचा.’

काही जणांचा असतोही. तेच जोडपं महिन्याभराने स्वारगेटला तीच गोष्ट सांगताना दिसतं, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण सगळे नेमकी हीच गोष्ट का सांगतात, याचा विचार आपण करत नाही. मजूर अड्ड्यावरून माणसं उचलायची, पंधरा दिवस स्लॅबवर राबवायची आणि हिशेबाच्या दिवशी फोन बंद करायचा, हे खरंच घडतं. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायको मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतात, ती फिटता फिटत नाही, आणि हंगाम संपल्यावर हातात काय उरलं हे विचारायची सोय नसते. खोटी गोष्ट खपते ती अशा हजारो खऱ्या गोष्टींच्या जिवावर. म्हणून ‘ही गोष्ट मी आधी ऐकली आहे’ हे नकाराचं कारण मला पुरेसं वाटत नाही.

मी त्या बाईंना म्हटलं, पैसे नको, गाडीत चला, तिकीट काढून देते. ‘चला की,’ म्हणाल्या, आणि दोन पावलांवर थांबून, ‘अर्धंच लागतंय बाईमाणसाला.’ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आपला भार माझ्यावर किती पडणार हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. कंडक्टरने विचारलं, ‘ताई, ओळखीच्या आहेत का?’ नाही म्हटलं. त्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, मशीनवरचा क्यूआर पुढे केला आणि तिकीट माझ्याकडे न देता त्यांच्या हातात दिलं. मला ते फार आवडलं.

त्या गाडीत बसल्या म्हणून मला बरं वाटलं, ते का, हे घरी येईपर्यंत डोक्यात होतं. त्या खऱ्या निघाल्या म्हणून? मग तिकीट नको, रोखच द्या, असं म्हणाल्या असत्या तर खोट्या ठरल्या असत्या का? घरी गेल्यावर पीठ-मीठ आणायचं असेल, कुणाचे हातउसने फेडायचे असतील, एखादं पोर अजून इथेच साइटवर असेल. गरज तिकिटाएवढी नेमकी कापलेली नसते. उभ्या उभ्या दोन मिनिटांत चेहऱ्यावरून खरं-खोटं ठरवायची ताकद माझ्यात नाही आणि मला वाटतं ती कुणातच नसते. आपण बघतो ते एवढंच, की समोरचा आपल्या मनातल्या गरिबासारखा दिसतो का. मोबाइल हातात असला, शर्ट इस्त्रीचा असला की आपला हात आखडतो.

आमचे आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, आणि एक वार कुठेच लागला नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. त्या घरांनी त्यांना दाखला मागितला नव्हता. ताट वाढलं. काही घरी ते कसं वाढलं जायचं, हेही ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज म्हातारपणीसुद्धा बदलायचा. मागणाऱ्याला मिळालेलं विसरायला होईल, कसं मिळालं ते विसरत नाही.

१९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा एकदा मुद्दाम वाचला होता. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून किंवा भविष्य सांगून पैसे मागितले तरी ती भीकच धरतात. म्हणजे पहाटेचा वासुदेवही त्यात बसतो. पुन्हा पुन्हा सापडलेल्या माणसाला दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवायची तरतूद आहे त्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे ती अजून आहेत. दहा रुपये मागण्यासाठी दहा वर्षं, हे वाचल्यापासून रस्त्यावरच्या माणसाची उलटतपासणी मला अगदीच नकोशी झाली आहे.

म्हणून छोटी रक्कम मी काही न विचारता देते. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात दहा-वीसच्या नोटा असतात. संपल्या की त्या दिवसापुरतं ‘आज नाही हो, काका’ असं तोंडाकडे बघून सांगायचं. त्याने चहा घ्यावा की तंबाखू, हे त्याचं तो बघेल. सिग्नलवरच्या लहान मुलांच्या हातात मात्र पैसे देत नाही. ते पैसे त्यांच्याकडे राहत नाहीत, आणि जास्त कमावणारं पोर शाळेत कोण पाठवणार? गुंगीत निजलेलं तान्हं कडेवर दिसलं तर १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करते.

मोठ्या रकमेचं वेगळं. तिथे चौकशी करायलाच हवी, पण माणसाची नाही, कागदाची. सोसायटीच्या ग्रुपवर आज दुपारपासून एका मुलाच्या ऑपरेशनसाठी मदतीचा मेसेज फिरतोय, खाली कुणाचा तरी खासगी क्यूआर. रुग्णालयाचं नाव दिलंय आणि ते धर्मादाय आहे. तसं असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचं बंधन आहे त्यांच्यावर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसतं का, हेही बघायला हवं. ही माहिती त्या आईबापांपर्यंत पोचली असेलच असं नाही. नऊ हजारांची मदत गोळा होत असताना नव्वद हजारांचा हक्क काउंटरवर पडून राहू शकतो. पैसे पाठवणाऱ्या आम्हा सगळ्यांना एक फोन करणं काय जड होतं?

उद्या अकराच्या सुमाराला रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना फोन लावणार आहे. मुलाचं नाव आणि केस पेपरचा नंबर जुळला तर आधी अर्ज कुठे अडलाय ते विचारायचं. अर्ज केलाच नसेल तर शनिवारी त्या वडिलांबरोबर खिडकीवर उभी राहीन. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स घ्यायला त्यांना सांगायला हवं. माझे पाच हजार बाजूला काढून ठेवलेत. ते बिलाच्या काउंटरवर मुलाच्या नावाने भरेन आणि पावती ग्रुपवर टाकेन, म्हणजे बाकीच्यांनाही तिथेच भरता येतील.

मावशीचा आत्ताच मेसेज आला. गाडी नगरला थांबली होती तेव्हा पाथरीच्या बाईंनी तिला उठवलं, खाली उतरायचंय का म्हणून विचारलं, आणि तिची बॅग सांभाळत बसल्या.