2005 ची रेघ

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो. दुकानात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीला, हिरव्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती. शेजारी वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं: जुलै 2005. त्या पुरात पाणी इथवर आलं होतं.

सोळा वर्षं आमचा सगळा धंदा त्या रेघेवर रचलेला होता. रेघेखाली डायपर, कापूस, सलाईनची खोकी, म्हणजे भिजली तर रडू येणार नाही अशी वस्तू. रेघेच्या वर गोळ्या, इंजेक्शनं, महागाच्या पट्ट्या. इन्सुलिनच्या फ्रीजसाठी वडिलांनी गवंड्याकडून खास उंच ओटा बांधून घेतला होता, तोही रेघ बघून. कामाला नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला रेघ दाखवायची, मग बिलबुक.

पाऊस बघणं हा आमच्याकडे छंद नाही, दुकानदारीचाच भाग आहे. सह्याद्रीतून उतरणारी वाशिष्ठी आणि गावातून वाहणारी शिवनदी, दोन्ही आमच्या उशापायथ्याशी. वर कोयनेचा वीजप्रकल्प. वीज तयार करून झालेलं पाणी, ज्याला इथे सगळे अवजल म्हणतात, ते वाशिष्ठीत येतं. म्हणून आमची नदी मे महिन्यातही वाहती असते. खाली गोवळकोटला खाडी लागते, ती थेट दाभोळपर्यंत. वरून डोंगराचं पाणी आणि खालून समुद्राची भरती एकाच वेळी आली की मधलं गाव भरतं. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

21 जुलै 2021, बुधवार. बकरी ईदचा दिवस. आदल्या दिवशी आषाढी एकादशी झालेली. कोरोनाचे निर्बंध होते, त्यामुळे बाजार लवकर बंद झाला. अतिवृष्टीचा इशारा त्या आठवड्यात मोबाईलवर सारखाच येत होता. मी तो वाचला आणि बाजूला ठेवला, हे खरं सांगायला हवं. हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. आकडा मोठा वाटतो, पण कोकणात पावसाळाभर असे इशारे येतात आणि त्यातल्या बहुतेक वेळी माझ्या पायरीला पाणी लागत नाही. इशारा जिल्ह्याचा असतो. पायरी माझी असते.

रात्री अकराच्या पुढे पोफळीहून मावसभावाचा फोन आला. तो डोंगराच्या पायथ्याशी राहतो, म्हणजे आमच्या वरच्या अंगाला. म्हणाला, "अरे, इथे पऱ्ह्यांचा आवाज बदललाय. दगड वाजतायत आत." पऱ्हे म्हणजे डोंगरातून उतरणारे ओढे. मी गच्चीत जाऊन बघितलं. आमच्याकडे पाऊस होता, चांगलाच होता, पण जुलैत असतो तसाच. मी त्याला म्हटलं, "इथे काही विशेष नाही रे." आज ते वाक्य आठवलं की छातीत कळ येते. मी माझ्या गच्चीवरचा पाऊस बघत होतो, आणि मला बुडवणारा पाऊस पडत होता त्याच्या दारात.

तरी झोप लागेना. तीनच्या सुमारास गोवळकोटच्या चाचांना फोन लावला. त्यांची होडी आहे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्याकडून नेतात. एवढ्या रात्री फोन केला म्हणून मी माफी मागायला लागलो तर ते जागेच होते. म्हणाले, "ओहोटी लागलीय म्हणायला, पण खाडी उतरत नाय. पाणी जागचं हलत नाय बघ."

त्यांनी एवढं सांगितल्यावर मी कॅलेंडर बघितलं. त्रयोदशी. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे समुद्रात सकाळी साडेनऊ-दहाला भरती, आणि ती खाडीतून आमच्यापर्यंत चढायला आणखी वेळ. पुनव दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती. ओहोटीतच पाणी हटत नसेल तर भरतीला काय होणार, हे कळायला हवामानशास्त्र लागत नाही. मी बायकोला उठवलं.

खाली आलो तेव्हा शटरच्या फटीतून पाणी आत येत होतं. आवाज न करता, जमिनीवर चादर पसरावी तसं. पहिला तासभर आम्ही चुकीचं काम केलं. रेघेखालचा माल उचलून रेघेच्या वर ठेवत बसलो. डायपरची खोकी गोळ्यांच्या फळीवर, सलाईन काउंटरवर. सोळा वर्षांची सवय हातात होती. तो तास वरचा माल माडीवर न्यायला वापरला असता तर निम्मं दुकान वाचलं असतं.

वीज गेली. पाणी मांडीला लागलं. टॉर्चच्या उजेडात मी भिंतीकडे बघत होतो. पाणी रेघेच्या वीतभर खाली आलं तेव्हा बायकोला म्हणालो, "आता थांबेल." तिनं उत्तर दिलं नाही. उजाडायच्या सुमारास पाण्याची कड हिरव्या रेघेला टेकली. थोडा वेळ दोन्ही एक झाल्यासारखी दिसली. मग वडिलांनी लिहिलेले आकडे खालून एकेक करून बुडाले आणि रेघ दिसेनाशी झाली.

मी फ्रीज उघडला. वीज गेलेली असली तरी आत गारवा होता. इन्सुलिनच्या बाटल्या आणि पेनची पाकिटं स्टीलच्या डब्यात भरली, डबा डोक्यावर घेतला आणि जिना चढलो. दुसरी खेप करायला वळलो तर फ्रीज ओट्यावरून उचलला गेला होता. पाण्यावर आडवा तरंगत तो काउंटरला धडका देत होता. बायकोनं माझा सदरा मागून धरला आणि सोडलाच नाही.

तो दिवस आम्ही माडीवर काढला. भरतीच्या वेळेपर्यंत पाणी चढतच गेलं. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर आल्यावर आईने देवापुढचा दिवा उचलून कपाटावर ठेवला. समोरच्या गल्लीतून गॅसचे सिलिंडर वाहत गेले, एक मोटार गेली, कुणाचं तरी लाकडी कपाट आरशासकट गेलं. मोबाईलची रेंज केव्हाच गेली होती. शेजारच्या कौलांवर माणसं बसली होती. आम्ही एकमेकांना नावं घेऊन हाका मारत होतो, फक्त सगळे आहेत ना हे कळावं म्हणून. मदतीच्या बोटी यायला खूप वेळ लागला, कारण महामार्गही पाण्याखाली होता आणि रेल्वेही थांबली होती.

दुपारी पलीकडच्या माडीवरून काकींनी विचारलं, "अरे, माझं इन्सुलिन आहे का?" त्यांची बाटली खालच्या खोलीत राहिली होती. दोन इमारतींमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावरून पिशवी सरकवून बाटली आणि सुया पाठवल्या. काकींना काळजी बर्फाची. मी ओरडून सांगितलं, "वापरात काढलेली बाटली फ्रीजबाहेर साधारण महिनाभर चालते. उन्हात ठेवू नका, बस." असलं ऊन तिथे कुठे होतं! पण सवयीनं तोंडून गेलं. माझ्या सगळ्या दुकानातून त्या दिवशी उपयोगाला आलं ते एवढंच, डोक्यावरून आणलेला एक डबा.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. गुडघाभर चिखल. गोळ्यांच्या पट्ट्यांचा लगदा झाला होता. त्याच पावसात महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडल्याचं आम्हाला नंतर समजलं. वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला. धरणातलं पाणी कुणी सोडलं, केव्हा सोडलं, यावर पुढे खूप वाद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नदीतला गाळ काढावा म्हणून गावानं उपोषण केलं, मीही मांडवात बसलो. गाळ बराच निघाला. नदीकाठच्या बांधकामावर बंधनं आणणाऱ्या लाल आणि निळ्या पूररेषांवरूनही भांडण झालं.

भिंत घासली तेव्हा हिरवी रेघ पुन्हा दिसली. नवीन खूण माळ्याच्या फळीला लागून आहे, पण मी ती रंगवलेली नाही. आई म्हणाली होती, रंगव, पुढच्या पिढीला कळेल. मला ते नको आहे. रंगवली की माझा मुलगा फळ्या तिथपर्यंत रचेल आणि निर्धास्त झोपेल.

त्याऐवजी काउंटरमागे पाटी लावली आहे. पावसाळ्यात रोज संध्याकाळी तिच्यावर तीन गोष्टी लिहितो: पोफळीचा पाऊस, वाशिष्ठीची पातळी, उद्याच्या भरतीची वेळ. नदीची इशारा पातळी 5 मीटर, धोक्याची 7. औषध घ्यायला येणारी माणसं आधी पाटी वाचतात. मला प्रशासनाकडूनही हेच हवं आहे. इशाऱ्याचे लाल-केशरी रंग नकोत. वरच्या अंगाला किती पडला आणि आणखी किती तासांत गावातल्या वडनाक्याला पाणी येईल, एवढं रात्री अकराला कुणीतरी सांगावं. आता भोंगा आहे, सूचना येतात, पूर्वीपेक्षा खूप बरं आहे. पण भोंगा वाजतो तेव्हा पाणी जवळ आलेलं असतं.

मावसभाऊ मात्र जून ते सप्टेंबर रोज रात्री फोन करतो. आमच्याकडे धो धो कोसळत असतानाही कधीकधी म्हणतो, "इथे कोरडं आहे रे, झोप." मग मी झोपतो.