पाण्याच्या वेळेने चालणारी सहल: सॅन वॉन बेटांमधील सहकुटुंब कयाकिंग

सिॲटलच्या उत्तरेला, वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचे व्हँकुव्हर बेट यांच्या मधल्या समुद्रात सॅन वॉन बेटे विखुरलेली आहेत. नाव असलेली बेटे आणि खडक मोजले तर आकडा पावणेदोनशेच्या घरात जातो, आणि ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांमुळे तो आणखी वाढतो. यांपैकी लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन वॉन या चारच बेटांना राज्याची फेरीबोट लागते. उरलेल्या बेटांवर जायचे तर स्वतःची किंवा भाड्याची होडी हवी. मोठ्या मोटरबोटीतून ही बेटे फार पटकन मागे पडतात, म्हणून त्यांच्या अगदी कडेकडेने, खडकांवरची शिंपली दिसतील इतक्या जवळून जायचे असेल तर कयाकसारखे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीसारखे, दुसरे साधन नाही, असे माझे मत झाले आहे. या उन्हाळ्यात गुहागरहून माझे वडील आमच्याकडे आले होते. त्यांना आणि आमच्या दोन्ही मुलांना घेऊन आम्ही ऑर्कस बेटावरच्या डीअर हार्बरहून जोन्स बेटापर्यंत गाइडसह कयाकने गेलो आणि रात्री तिथेच मुक्काम केला.

गाइड घ्यावा की न घ्यावा, याविषयी आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आम्ही दोघेही चांगले पोहतो, मुले लहानपणापासून तरणतलावात वाढलेली आहेत, आणि बाबांचे तर बालपणच होड्यांच्या सहवासात गेलेले आहे. तरीही मुले आणि ज्येष्ठ माणसे बरोबर असताना या पाण्यात जाणकाराशिवाय उतरू नये, असा माझा आग्रह होता आणि तो आता अधिकच पक्का झाला आहे. त्याचे पहिले कारण पाण्याचे तापमान. भर उन्हाळ्यातही बेटांमधल्या मुख्य खाड्यांचे पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास असते. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटातच श्वास अनावर होतो आणि थोड्याच वेळात हाताची बोटे ऐकेनाशी होतात. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्या माणसाला पोहण्याचा आत्मविश्वास इथे उपयोगी पडत नाही. दुसरे कारण प्रवाह. भरती-ओहोटीचे सगळे पाणी बेटांमधल्या अरुंद वाटांतूनच आत-बाहेर होत असल्यामुळे काही ठिकाणी ते ताशी दोन-तीन सागरी मैलांच्या वेगाने धावते, आणि मुलांसह वल्हवणाऱ्या कुटुंबाचा वेगही साधारण तेवढाच असतो. प्रवाह समोरून असेल तर तासभर वल्हवूनही किनाऱ्यावरचे तेच झाड शेजारी दिसत राहते.

डीअर हार्बरच्या धक्क्यावर आमची गाइड भेटली. विशीतली, शांत स्वभावाची ही मुलगी याच बेटांवर वाढलेली होती. तिने आधी प्रत्येकाला औषधे, खांद्याची दुखणी आणि पाण्याची भीती यांविषयी स्वतंत्रपणे विचारले आणि नंतर कोणी कुणाबरोबर बसायचे ते ठरवले. सागरी कयाक लांबट आणि जड असतात. दोन माणसांच्या कयाकमध्ये मागे बसणाऱ्याच्या पायाशी सुकाणूची पेडल असतात आणि पुढचा माणूस वल्हवण्याची लय ठरवतो. बाबांना तिने स्वतःच्या कयाकमध्ये पुढे बसवले. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा तिने हाताने ओढून पाहिला. कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती जो स्प्रे स्कर्ट बसवतात, त्याची पुढची दोरी नेहमी बाहेर दिसली पाहिजे आणि कयाक उलटलीच तर तीच ओढून बाहेर पडायचे, हे तिने मुलांकडून डोळे मिटून अनेकदा करून घेतले. हा सराव कोरड्या जमिनीवर चालला होता आणि मुले मधून मधून कंटाळत होती, पण तिने त्यात काटछाट केली नाही.

निघण्यापूर्वी तिने प्रवाहांचे तक्ते उघडले, आणि इथे बाबा एकदम खुलले. आपल्याकडे किनाऱ्यावरचा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. पंधराव्या तिथीला पाऊणपट केली की सव्वाअकरा येतात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते, आणि अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो. आम्ही गेलो ते दिवस अमावास्येच्या आसपासचे होते, त्यामुळे बाबांच्या हिशेबाने दुपारी पाणी भरलेले असायला हवे होते. तक्त्यात मात्र त्याच वेळी दिवसातली सर्वांत खोल ओहोटी दाखवलेली होती. गाइडने त्यांना समजावून सांगितले, की इथेही दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी पार तळाला जाते, तर दुसरी जेमतेम उतरते, आणि उन्हाळ्यात ती खोल ओहोटी दिवसाउजेडी येते, तर हिवाळ्यात रात्री. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पाण्याची उंची बदलण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ या खाड्यांमध्ये एक नसते. किनाऱ्यावर पाणी चढू लागलेले दिसले, तरी मधल्या खाडीतला प्रवाह अजून जुन्याच दिशेने वाहत असू शकतो. बाबांनी तो तक्ता बराच वेळ न्याहाळला आणि माझ्या मुलीला म्हणाले, "अगं, चंद्र तोच आहे, पण पाण्याला वाट वाकडी मिळाली की त्याचं वेळापत्रकही वाकडं होतं." समुद्राविषयी इतके नेमके बोलताना मी त्यांना फार वर्षांनी ऐकले.

डीअर हार्बरच्या तोंडातून बाहेर पडल्यावर दक्षिणेला वॉस्प बेटांचा पुंजका लागतो. क्रेन, क्लिफ, रीफ, मॅककॉनेल, यलो अशी ही बेटे, आणि त्यांच्यामधून वळणावळणाची वाट. कड्यांवर मॅड्रोना नावाची झाडे पाण्याकडे झुकलेली दिसतात. त्यांची तांबडी साल कागदासारखी सुटते आणि आतले गुळगुळीत, हिरवट-पिवळे खोड उघडे पडते. यलो बेट वसंतातल्या रानफुलांसाठी प्रसिद्ध आहे आणि ते संरक्षित असल्यामुळे तिथे खाद्यपदार्थ उघडून बसता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा फुलांचा हंगाम संपून गवत वाळले होते, म्हणून न उतरता पुढे निघालो.

मला या वाटेवर सर्वांत आवडला तो बुल केल्प, म्हणजे समुद्रतळाच्या खडकाला धरून वाढणारे एक प्रचंड शैवाल. एकाच हंगामात ते वीस मीटर किंवा त्याहूनही अधिक वाढते. लांब, दोरखंडासारख्या देठाच्या टोकाला हवेने भरलेला गोल फुगा असतो आणि त्या फुग्यातून तपकिरी, चकचकीत पट्ट्यांसारखी पाने पाण्यावर पसरतात. त्या फुग्यातल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडही असतो, हे ऐकून माझा मुलगा थक्क झाला. पण गाइडच्या दृष्टीने केल्पचे महत्त्व वेगळे होते. फुगे आणि पाने ज्या दिशेला ताणली गेली असतील ती प्रवाहाची दिशा, फुगे पाण्याखाली ओढले गेले असतील तर प्रवाह जोराचा, आणि पाने सैल पडून कुठल्याही दिशेला तरंगत असतील तर पाणी थांबलेले. तक्त्यातली वेळ आणि समोरचे पाणी यांचा मेळ ती सतत केल्पवरून घालत होती. विश्रांतीच्या वेळी तिने आम्हाला केल्पचे एकेक देठ कयाकवर आडवे घेऊन हाताने धरायला सांगितले. नांगर टाकल्यासारख्या सगळ्या कयाक जागच्या जागी स्थिर झाल्या. हातातले ते देठ गार आणि रबरासारखे घट्ट होते, आणि पाण्याचा ओढा त्याच्यातून तळहाताला जाणवत होता.

पुढे मोकळ्या पाण्याचा पट्टा ओलांडून जोन्स बेट गाठायचे होते. अंतर फार नव्हते, बेट तर समोरच दिसत होते. पण वाऱ्याची दिशा एक आणि प्रवाहाची नेमकी उलट असल्यामुळे मधल्या पट्ट्यात आखूड, उभ्या लाटा उठल्या होत्या. आम्ही दोघे आणि गाइड ते पाणी सहज ओलांडू शकलो असतो. तिने मात्र केल्पच्या आडोशालाच थांबायचे ठरवले, सर्वांना खारे शेंगदाणे आणि सफरचंदे वाटली, आणि पाऊण तासाने प्रवाह मंदावेपर्यंत तिथून हलू दिले नाही. मुलांनी "निघायचं का?" असे विचारले, की ती केल्पकडे बोट दाखवी. हळूहळू पाने सैल पडू लागली आणि लाटाही बसल्या. मग तिने बाबांकडे वळून पाहिले, त्यांनी मान हलवली, आणि आम्ही एकमेकांच्या जवळ राहून पलीकडे गेलो. सहलीचे पैसे मोजताना आपण बेटे, प्राणी, सूर्यास्त यांचा विचार करतो. मला विचाराल तर आमचे पैसे त्या पाऊण तासात वसूल झाले. कुटुंबातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला जे पाणी झेपेल, त्याच पाण्यात सगळ्यांनी जायचे, हा निर्णय घरातल्या माणसाला घेता येतोच असे नाही, कारण त्याला बेट समोर दिसत असते आणि मुलांचा हट्टही ऐकू येत असतो.

प्राण्यांच्या बाबतीतही तिची हीच शिस्त होती. खडकांवर हार्बर सील पहुडलेले असतात आणि उन्हाळ्यात त्यांची पिल्लेही असतात. माणसे जवळ आली की सील घाबरून पाण्यात उड्या घेतात आणि त्या गडबडीत पिल्लू आईपासून तुटू शकते. म्हणून एखाद्या सीलने मान वर करून आमच्याकडे पाहिले, की ती आम्हाला लगेच बाहेरच्या बाजूने वळवत असे. या बेटांमधले बरेचसे छोटे खडक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मोडतात आणि त्यांच्यापासून दोनशे यार्ड दूर राहावे लागते.

ऑर्का व्हेल पाहण्याच्या आशेने अनेक कुटुंबे इथे येतात. इथे मासे खाणाऱ्या स्थानिक ऑर्कांचे जे, के आणि एल असे तीन कळप आहेत. त्यांचे मुख्य अन्न चिनूक साल्मन, आणि तो मासाच कमी झाल्याने त्यांची एकूण संख्या सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास अडली आहे. 1960 आणि 70 च्या दशकांत मत्स्यालयांसाठी यांच्यातली पिल्ले जाळी लावून पकडून नेली गेली. 1970 मध्ये पेन कोव्हमधून नेलेली तोकिताई नावाची मादी 2023 मध्ये मायामीच्या टाकीतच मेली. हे सगळे गाइडने मुलांना सोप्या शब्दांत, पण काहीही न लपवता सांगितले. जानेवारी 2025 पासून वॉशिंग्टनच्या पाण्यात या ऑर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे नऊशे मीटरहून अधिक अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे आणि कयाकही त्यातून सुटलेली नाही. आम्हाला ऑर्का दिसले नाहीत. ते दिसतीलच अशी हमी देणाऱ्या सहलीला मुलांना नेऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्या हमीसाठी कोणीतरी त्या प्राण्यांचा पाठलाग करत असतो.

जोन्स बेट हे सुमारे 188 एकरांचे राज्य सागरी उद्यान आहे आणि वल्हवत येणाऱ्यांसाठी तिथे तंबू ठोकायच्या वेगळ्या जागा आहेत. 1993 मध्ये सुरू झालेल्या कॅस्केडिया मरीन ट्रेल या जलमार्गावर अशा जागांची साखळीच आहे. बेटावरची हरणे माणसाला सरावलेली आहेत आणि रॅकून अन्नाच्या पिशव्या सराईतपणे उघडतात, म्हणून जेवण झाल्याबरोबर सगळे खाद्यपदार्थ कयाकच्या कप्प्यांत बंद करून ठेवावे लागले. जेवायला गाइडने साल्मन आणि भात केला, आणि बाबांनी सोबत आणलेले मेतकूट तिनेही आवडीने भातावर घेतले. पूर्ण काळोख झाल्यावर आम्ही पाण्याच्या कडेला गेलो. हात फिरवला की सूक्ष्म जीवांमुळे निळसर उजेडाचा पट्टा उमटत होता. तो पाहायला अमावास्येजवळच्या रात्री सर्वांत चांगल्या.

दुसऱ्या दिवशी खोल ओहोटीच्या वेळी खडक उघडे पडले आणि जांभळे-केशरी तारामासे, हिरवी समुद्रफुले आणि खडकाला घट्ट चिकटलेले कालवांसारखे जीव मुलांनी हात न लावता, पोटावर झोपून पाहिले. 2013 पासून पसरलेल्या एका रोगात इथले तारामासे फार मोठ्या प्रमाणावर मेले. अनेक हातांचा मोठा सनफ्लॉवर तारामासा आता जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. तो समुद्री साळू, म्हणजे अंगभर काटे असलेले गोल समुद्री जीव (सी अर्चिन), खात असे. साळू वाढले की केल्प कमी होतो, आणि केल्प कमी झाला की माशांच्या पिल्लांचा आसरा जातो. आदल्या दिवशी ज्या केल्पने आम्हाला धरून ठेवले, त्याच्याशी ही साखळी जोडलेली असल्यामुळे मुलांना ती चटकन कळली.

हे पाणी लमी, सॅमिश आणि इतर कोस्ट सॅलिश या इथल्या मूळ रहिवासी लोकांचे आहे. देवदाराच्या एकसंध खोडातून कोरलेल्या होड्यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या याच प्रवाहांच्या वेळा सांभाळून फिरत आले. 1989 पासून त्यांच्या होड्यांच्या सामूहिक यात्रांना पुन्हा जोर आला आहे. किनाऱ्यांवरच्या मातीत जुन्या वस्त्यांचे शिंपल्यांचे पांढरे थर ठिकठिकाणी दिसतात. त्यांतले काहीही उचलणे हा गुन्हा आहे. गाइडने हे सांगितल्यावर माझ्या मुलाने खिशातला एक शिंपलाही जागेवर परत ठेवला.

ज्या मराठी कुटुंबांना इकडे जायचे असेल त्यांनी जुलै-ऑगस्ट निवडावा, कारण ऑलिंपिक पर्वताच्या पर्जन्यछायेमुळे तेव्हा पाऊस क्वचितच पडतो. सुती कपडे टाळावेत. ओले झालेले सुती कापड अंगाची ऊब शोषून घेते. अ‍ॅनाकोर्टिसहून फेरीत गाडी न्यायची असेल तर आरक्षण आधीच करावे, कारण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी जागा लवकर भरतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जोन्स बेटावरच्या पाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा पिण्याचे पाणी बरोबर नेण्याची सोय आहे की नाही तेही विचारावे. आणि गाइड पुरवणाऱ्या संस्थेला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: वारा किंवा प्रवाह प्रतिकूल असेल तर तुम्ही मार्ग बदलता का, आणि तो निर्णय कोण घेते? "गाइड घेते आणि आम्ही त्यात पडत नाही" असे उत्तर आले, तर नावे नोंदवायला हरकत नाही.