नवरीची एल आणि माझी आयपीए

मित्राचं लग्न ठरलं, कामं वाटली गेली, कुणाला फुलं मिळाली, कुणाला फोटोवाला, कुणाला पाहुण्यांच्या गाड्या आणि मला मिळाली रिसेप्शनची बिअर. "तुला त्यातलं कळतं ना, मग तूच बघ" एवढं बोलून नवरदेव मोकळा झाला. आता ज्याला एखाद्या गोष्टीतलं थोडंफार कळतं त्याला असं कधी सांगू नये, कारण तो लगेच ते दाखवायला जातो. मी त्याच रात्री बसून अकरा बिअरची यादी केली. दोन आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू बिअर), एक आंबट, एक 9 टक्के अल्कोहोलवाली, आणि एक धुरावर वाळवलेल्या माल्टची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), जी पहिल्यांदा पिणारा माणूस आधी मागे वळून बघतो की कुठे काही जळतंय का.

यादी वाचून नवरदेव दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "अरे लग्न आहे माझं, परीक्षा नाही कुणाची."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी इतिहास काढला. त्याला सांगितलं की इंग्लिशमधला ब्रायडल हा शब्दच मुळात ब्राइड आणि एल (एल म्हणजे बिअरच) या दोन शब्दांचा आहे, म्हणजे नवरीची एल, लग्नाच्या मेजवानीलाच पूर्वी तसं म्हणायचे. आणि ऑक्टोबरफेस्ट, म्युनिकचा तो बिअरचा मोठा उत्सव? तेही एका लग्नातूनच सुरू झालं, 12 ऑक्टोबर 1810 ला म्युनिकमध्ये बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेसे यांचं लग्न झालं, गावाबाहेरच्या मैदानात घोड्यांच्या शर्यती झाल्या, आणि त्या मैदानाला आजही नवरीचंच नाव आहे, तेरेसियनवीझे. एवढं सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "आणि त्या लुडविगनं अकरा प्रकार ठेवलेले का?"

यावर काय बोलणार.

मग घरी येऊन जरा नीट विचार केला की रिसेप्शनला माणूस बिअरचं नेमकं करतो काय. तर तो ती हातात धरतो. रिकाम्या हाताचं काय करायचं ते कुणालाच कळत नसतं म्हणून ग्लास घेतो, दोन घोट घेतो, तेवढ्यात कुणीतरी दहा वर्षांनी भेटतं, मग फोटोला बोलावतात, ग्लास कुठेतरी ठेवला जातो, तो गरम होतो आणि साहेब दुसरा घेतात. अशा माणसाच्या गप्पा तोडून बिअरनं "माझ्याकडे बघ" म्हणू नये. आणि माझ्या यादीतल्या अकराच्या अकरा नेमकं तेच म्हणणाऱ्या होत्या.

म्हणून सगळ्यात आधी पिल्सनर आली, जिच्याकडे मी इतकी वर्षं "ती काय, नेहमीचीच" म्हणून बघत होतो. खरंतर तिची गोष्ट भारी आहे, 1838 मध्ये पिल्झेनमध्ये, म्हणजे आजच्या चेकियातल्या एका गावात, लोकांनी खराब बिअरची 36 पिंपं भर रस्त्यात ओतून दिली, मग गावानं नवी ब्रूअरी बांधली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि त्यानं 1842 मध्ये सोनेरी, स्वच्छ, थंड पिण्याची ती लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) केली जिची नक्कल आज जगभर चालू आहे. म्हणजे वैतागलेल्या गावाला खूश करायलाच जी जन्मली तिला दोनशे पाहुणे काय जड जाणार. (पाहुणे रस्त्यावर ओतत नाहीत, ते कुंडीत ओततात. मी स्वतः ओतलेली आहे, दुसऱ्या एका लग्नात.)

दुसरी गव्हाची बिअर. "मला बिअर आवडत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरंतर कडूपणा आवडत नसतो, आणि जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो जेमतेम असतो, उलट केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तोही केळं किंवा लवंग न घालता, नुसत्या यीस्टच्या करामतीवर. नवरीच्या बहिणीला चाखवली, तिनं ग्लास परतच दिला नाही, निर्णय झाला.

तिसरी स्टाउट, आणि हिच्यासाठी मला भांडावं लागलं कारण काळी म्हणजे कडक असा सगळ्यांचा समज. अरे रंग भाजलेल्या धान्याचा आहे, अल्कोहोलचा त्याच्याशी काय संबंध? गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची आहे, नेहमीच्या बऱ्याच सोनेरी लागर 5 च्या असतात. कडक बिअर मात्र मी आपणहून उडवल्या, कारण लोक ग्लास मोजतात, टक्के मोजत नाहीत, आणि 9 टक्केवालीचे तीन ग्लास झाले की भाषणं सुरू होतात.

बिनअल्कोहोलची पण ठेवली, 0.5 टक्क्याच्या आतली, आणि वाढणाऱ्यांना बजावून सांगितलं की तीही त्याच ग्लासात द्या. एखाद्याला गाडी चालवायची असते, कुणाची औषधं चालू असतात, कुणी अजून सांगितलेलं नसतं की बाळ येणारे, आणि वेगळा ग्लास दिसला रे दिसला की चार जण विचारणार, "का गं, आज नाही?"

केगचा, म्हणजे नळ लावायच्या बिअरच्या पिंपाचा, मोह झाला होता. 50 लिटरचा केग म्हणजे 330 मिलीचे दीडशे ग्लास, फेस जाऊन थोडे कमी, आणि नळातून बिअर येताना जी शान असते ती बाटलीला नाही. पण तो आदल्या दिवशी आणून गार करत शांत बसवून ठेवावा लागतो, गरम किंवा हलवलेला असेल तर नुसता फेस, आणि हातपंपाचा असेल तर आत हवा जाते, दुसऱ्या दिवशी उरलेली बिअर बेकार. बाटल्या घेतल्या. त्याही तपकिरी, कारण कार्यक्रम हिरवळीवर, आणि पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून ऊन गेलं की हॉप्समधले (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडू घटक तुटतात आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखा वास सुटतो, तोही काही मिनिटांत. सगळं इतकं बघितलं आणि लिपस्टिक विसरलो. तिच्यातल्या मेणा-तेलानं बिअरचा फेस बसतो, आणि लग्नाएवढी लिपस्टिक दुसरीकडे कुठे असते. पण फेसाकडे तिथे कोण बघतंय, मी सोडून.

हां, एक कबुली राहिली. आयपीएचा 24 बाटल्यांचा एक क्रेट मी नवरदेवाला न सांगता टेबलाखाली ठेवला होता. कडूपणा मोजायचं आयबीयू नावाचं माप आहे, साध्या लागरचं 10 च्या आसपास असतं आणि आयपीएचं 40 ते 70, तरी म्हटलं एखादा दर्दी निघेलच. रात्री आवरताना मोजल्या तर 20 उरल्या होत्या. गेलेल्या चारातल्या तीन मी प्यायलेलो आणि चौथी पाऊण भरलेली सापडली, कुंडीच्या मागे.

नवरदेवानं क्रेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक टोक उचलून म्हणाला, "चल, गाडीत टाकू तुझ्या."