हानले ते चुशूल: शिकार पाहताना वाचलेली सीमा

लेहहून कारू, उपशी, चुमाथांग, माहे आणि लोमा या मार्गाने हानलेला जायचे, तेथे मुक्काम करून चांगथांगच्या पठारावरील प्राणी पाहायचे आणि परतताना त्सागा खिंडीतून चुशूल व पँगाँग सरोवर गाठून चांग ला ही खिंड ओलांडत लेहला यायचे, असा आमच्या सप्टेंबरमधील प्रवासाचा आराखडा होता. या मार्गाचा मोठा भाग भारत आणि चीन यांच्यातील प्रत्यक्ष ताबारेषेजवळून जातो. लांडगा शोधण्यासाठी डोळ्याला लावलेली दुर्बीण खाली घेतली की रस्त्यावरून जाणारा लष्करी ट्रकांचा ताफा दिसतो, आणि या दोन दृश्यांचा विचार वेगवेगळा ठेवणे मला शक्य झाले नाही. प्राण्यांच्या शिकारीतून सीमेवरील तणावाचा जो अर्थ मला लागला तो सर्वस्वी माझा आहे, त्यामागे कोणताही सामरिक अभ्यास नाही. मात्र मार्गाविषयी जे लिहिले आहे ते पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडावे.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि हानले सुमारे ४,३०० मीटरवर. विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी किमान दोन-तीन दिवस तेथेच विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण हानलेत त्रास सुरू झाला तर सुसज्ज रुग्णालय दिवसभराच्या प्रवासावर असते. उंचीवरील आजारासाठीची गोळी घ्यायची की नाही, हे घरून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. इंधनाची टाकी लेह किंवा कारू येथे पूर्ण भरावी. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते, तरीही हानलेच्या बाजूला संपर्काचा भरवसा धरू नये आणि पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी.

लोमा येथील तपासणी नाक्यापुढे सिंधूचे पात्र मागे पडते आणि हानले नदीचे सपाट, पाणथळ खोरे सुरू होते. येथे क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढवे, कळपाकळपाने चरताना दिसतात. सकाळी आमच्या स्थानिक मार्गदर्शकाने नदीपलीकडच्या उतारावर दोन लांडगे दाखवले. लडाखीत लांडग्याला शांकू म्हणतात. खालच्या गवतात क्यांगचा एक कळप होता आणि त्यात त्या उन्हाळ्यात जन्मलेली शिंगरेही होती. शिकार म्हणजे पाठलाग, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पाठलाग फार थोडा झाला आणि बाकी सगळा वेळ पाहण्यात गेला. लांडगे उघड्यावर, लपण्याचा कोणताही प्रयत्न न करता चालत आले, बसले, पुन्हा उठले आणि थोडे जवळ सरकले. क्यांगनी पळ काढला नाही. सगळ्यांनी माना वळवून लांडग्यांकडे तोंडे केली आणि ते उभे राहिले. पहिला लांडगा अचानक थोडे अंतर धावला, तेव्हा कळप जेमतेम हलला. मात्र कोण आधी हलले, कोण मागे राहिले, कोणते शिंगरू आईपासून तुटले, हे सारे त्या छोट्या धावेतून लांडग्यांना कळले असावे. दुसऱ्या धावेत एक शिंगरू खरोखरच बाजूला पडले, पण मादी तत्काळ मागे फिरली आणि लांडगे थांबले. काही वेळाने ते कळपाचा नाद सोडून मार्मोटच्या, म्हणजे खारीच्या कुळातील मोठ्या बिळवासी प्राण्याच्या, बिळांकडे निघून गेले. लांडग्यांचे बहुतेक प्रयत्न असेच वाया जातात, आणि उभ्या राहणाऱ्या भक्ष्यापेक्षा पळणाऱ्या भक्ष्यावर ते अधिक निर्धाराने धावतात.

मी जे पाहिले ती चाचपणी होती, आणि २०२० च्या मे महिन्यापासून पूर्व लडाखमध्ये जे घडत गेले त्याला माझ्या मनात तोच शब्द आला. पँगाँगच्या उत्तर काठावर, गोग्रा येथे आणि गलवान खोऱ्यात चीनने सैन्य थोडे पुढे सरकवायचे, समोरच्याची हालचाल पाहायची, तो किती वेगाने आणि किती बळाने उत्तर देतो हे जोखायचे, आणि त्यानुसार पुढचे पाऊल ठरवायचे. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये ही चाचपणी रक्तपातावर गेली आणि आपल्या वीस सैनिकांना वीरमरण आले. ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन १९९६ च्या करारात आहे. त्या रात्री गोळी सुटली नाही, पण दगड आणि खिळे ठोकलेले सोटे चालले. क्यांगच्या कळपाकडे पाहताना मला हे जाणवले की संरक्षणाचा मोठा भाग उभे राहण्यात असतो आणि ते उभे राहणे बाहेरून निष्क्रियतेसारखे दिसते. उणे तापमानात चौकीवर महिनोन्‌महिने थांबलेल्या जवानाच्या कामाचे मोल आपण फक्त चकमकीच्या दिवशी करतो, याचे मला तेथे मनापासून वाईट वाटले.

हिमबिबट्याची रीत याहून अगदी निराळी आहे. तो मी पूर्वी एका हिवाळ्यात उले गावाच्या परिसरात पाहिला होता. तो कळपाची परीक्षा घेत नाही. भरल (निळी मेंढी) किंवा आयबेक्स (रानबकरा) ज्या उतारावर चरत असतात त्याच्या वरची कड धरतो, खडकांच्या आडोशाने जवळ येतो आणि अखेरची झेप वरून खाली घेतो. मराठी माणसाला यात गनिमी काव्याची आठवण येणे स्वाभाविक आहे, कारण बळ कमी असले तरी जागा आपल्या सोयीची निवडली की पारडे बदलते. त्सागा खिंड ओलांडून चुशूलच्या मैदानात उतरल्यावर पूर्वेला कैलास रांगेची शिखरे दिसली, तेव्हा मला ती कड आठवली. २९ आणि ३० ऑगस्ट २०२० च्या दरम्यान भारतीय सैन्याने याच रांगेतील गुरुंग हिल, मगर हिल, रेझांग ला आणि रेचिन ला या जागांवर ताबा घेतला आणि खालचा चिनी मोल्दो तळ आपल्या नजरेच्या टप्प्यात आणला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरून उभय सैन्ये मागे हटली, त्यात या उंच जागांचा वाटा मोठा होता, असे मला वाटते.

परंतु उंचीच नेहमी तारते असे नाही. रेझांग लाच्या स्मारकापाशी हे ठळकपणे समजते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखालील कुमाऊँ रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनमधील चार्ली कंपनीने ही खिंड लढवली आणि सुमारे १२० जणांपैकी ११४ जण धारातीर्थी पडले. मधल्या उंचवट्यामुळे आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोहोचू शकत नव्हता. जी कड शिकाऱ्याला लपवते तीच कड रक्षणकर्त्याला एकटे पाडते. त्यांचे गोठलेले देह १९६३ साली एका मेंढपाळाला प्रथम दिसले. स्मारकाला पुरेसा वेळ द्यावा, तेथे घाईने छायाचित्रे काढून निघू नये.

प्रतीक येथवर पोहोचते आणि पुढे अडते. लांडगा भुकेपोटी येतो आणि रानात बहुधा पोट भरले की थांबतो. राष्ट्रांच्या सीमांना अशी भूक नसते आणि अशी तृप्तीही नसते. शिवाय क्यांग कधी लांडगा होत नाही, पण सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक जण स्वतःला कळप आणि समोरच्याला लांडगा समजतो. गस्तीच्या मर्यादेपर्यंत जाऊन येणे, समोरासमोर आल्यावर फलक उंचावून परत फिरण्यास सांगणे, या गोष्टी मला शिकारीपेक्षा लांडग्यांच्या दोन टोळ्यांनी आपापला मुलूख गंधाने व आरोळीने राखण्याच्या जवळच्या वाटतात, आणि शिकारीचे प्रतीक वापरणाऱ्याने हा भेद सोडू नये. देपसांग आणि देमचोक येथील गस्तीबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये जो समझोता झाला, तो याच मुलूख राखण्याच्या भाषेत नीट समजतो.

या भागात लांडग्याशी खरे वैर चांगपा पशुपालकांचे असायला हवे, कारण त्यांच्या पश्मिना शेळ्या तो नेतो. पूर्वी गावोगावी शांगदोंग असत: वर अरुंद आणि तळाशी रुंद अशा दगडी भिंतींचे खड्डे, ज्यांत जिवंत जनावर आमिष म्हणून ठेवले जाई, आणि आत उडी घेतलेल्या लांडग्याला बाहेर पडता येत नसे. चुशूल परिसरातील ग्रामस्थांनी २०१८ मध्ये असे जुने खड्डे निकामी केले आणि शेजारी स्तूप उभारला. त्यानंतर दोनच वर्षांत याच लोकांच्या हिवाळी कुरणांवर सीमातणावाचे सावट आले आणि दोन्ही सैन्यांमधील मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांमुळे काही चराऊ जमीन त्यांना दुरावली. लांडग्यासाठी गोठ्यावर जाळीचे छप्पर घालता येते, गेलेल्या कुरणासाठी मात्र त्यांच्या हाती काही नाही, आणि या प्रदेशाविषयी बोलताना आपण त्यांचे नाव सर्वांत शेवटी घेतो.

पँगाँगच्या काठावर लष्कराच्या १४ व्या कोअरने २६ डिसेंबर २०२४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला आहे. मराठी प्रवासी तेथे आवर्जून जातील. सुमारे १४,३०० फुटांवरील या ठिकाणी वारा तीव्र असतो, त्यामुळे ऊन असले तरी जाड कपडे अंगावर असावेत.

जाणाऱ्यांनी स्थानिक मार्गदर्शक आणि घरगुती मुक्काम यांची व्यवस्था आधीच करावी. लांडगे व मनुल मांजर शोधण्यासाठी ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण पुरते. लांब भिंगाचा कॅमेरा चौकी, पूल, ताफा किंवा धावपट्टी यांच्या दिशेने कधीही रोखू नये, ड्रोन आणि उपग्रह दूरध्वनी सोबत नेऊ नयेत. क्यांग गाडीला समांतर धावतात तेव्हा वेग वाढवण्याचा मोह आवरावा, गाडी रस्त्यावरून खाली उतरवू नये, आणि शिकार सुरू असल्यास इंजिन बंद करून आतच बसावे. उरलेले अन्न टाकू नये. वस्त्या व तळांभोवती वाढलेली भटकी कुत्री काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी व पिल्ले खातात. भारतीय नागरिकांनी पर्यावरण शुल्काची पावती आणि ओळखपत्राच्या अनेक प्रती ठेवाव्यात, आणि त्सागा खिंडीचा मार्ग त्या दिवशी खुला आहे का, हे लोमा नाक्यावर विचारूनच ठरवावे. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी कुटुंबीयांना, त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी, परदेशी नागरिकांचेच नियम लागू होतात. म्हणून हानले व चुशूलसाठी परवाना मिळेल का, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी लेहमधील नोंदणीकृत प्रवास संस्थेकडून निश्चित करून घ्यावे.