भाकरीचे टप्पे कॅमेऱ्यातून

परभणीच्या आमच्या स्वयंपाकघरात मागच्या हिवाळ्यात मी ज्वारीच्या भाकरीची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे काढली, ती स्टॉक संकेतस्थळांवर, म्हणजे तयार छायाचित्रे वापरासाठी विकणाऱ्या संकेतस्थळांवर, विकण्यासाठी. अशा मालिकेतले प्रत्येक चित्र सुटे विकले जाते, त्यामुळे ते एकटेही समजले पाहिजे आणि शेजारच्या चित्राशी जुळलेही पाहिजे. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का केला, छिद्रमान (भिंगातून उजेड आत येण्याच्या छिद्राचे माप) एफ ८ वर ठेवले, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवण्याची मांडणी, एकदा ठरवून शेवटपर्यंत बदलला नाही आणि उजेड फक्त पूर्वेच्या खिडकीचा घेतला. पीठ, आधण, मळणे, थापणे हे सहज निभावले. खरी कसोटी तव्यावर लागली, कारण भाकरीला लावलेले पाणी पूर्ण सुकण्याआधीच ती उलटावी लागते आणि आईचा हात कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. थांबण्याची विनंती मी एकदाच केली. ती भाकरी चिरली. शेवटी सलग फ्रेम टिपल्या, तेव्हा निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी हाती लागली. आईचा चेहरा चौकटीबाहेर ठेवला होता, कारण ओळखू येणाऱ्या व्यक्तीच्या चित्राच्या व्यावसायिक वापरासाठी मॉडेल रिलीजवर, म्हणजे त्या व्यक्तीच्या लेखी संमतिपत्रावर, सही लागते. तरीही एक चित्र नाकारले गेले: मागच्या फळीवर तेलाच्या डब्यावरचे कंपनीचे बोधचिन्ह दिसत होते.