अधिकृत आवृत्ती

शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आठवणी काढायला लागली की घरातल्या मोठ्यांना हसू येतं. अजून धड मिसरूड फुटलेली नाही, आणि म्हणे 'काय दिवस होते ते!' मला मात्र त्यांची टिंगल करवत नाही. साधा हिशेब मांडून बघा. सतरा वर्षांच्या मुलीची बारा वर्षं शाळेत गेलेली असतात. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त आयुष्य, आणि उरलेल्या पाचांतली पहिली दोन-तीन वर्षं तर कोणालाच आठवत नाहीत. पन्नाशीच्या माणसाची तीच बारा वर्षं पाव आयुष्याइतकीही भरत नाहीत. त्यामुळे शाळा सुटताना तिने टाकलेला सुस्कारा आपल्याला वाटतो तितका नाटकी नसतो. तिला आठवतंय ते जवळजवळ सगळं तिथंच घडलेलं असतं.

परवा भाचीच्या वर्गातली चार-पाच मुलं निरोप समारंभाचं भाषण लिहायला आमच्याकडे जमली होती. भाषण भाची करणार, पण लिहिणार सगळे मिळून. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मामा, अर्ध्या तासात तू एकही पान उलटलेलं नाहीस. इकडे येऊनच ऐक."

वहीच्या पानावर ठळक अक्षरांत 'आठवणी' असं लिहिलेलं होतं आणि खाली यादी. सहल. स्नेहसंमेलनात पडदा पडला तो (खरोखरच पडला होता, दांड्यासकट). वर्गात पावसाचं पाणी शिरलं तो दिवस. मग शिक्षकांचे आभार, आणि त्याच्यापुढे दोनदा अधोरेखित केलेली सूचना: 'टोपणनावं चुकूनही नकोत.'

जास्तीत जास्त वेळ गेला तो सहलीवर. वर्गात एक पट्टीचा गोष्टीवेल्हाळ असतोच. त्याने वाटेत बस बंद पडल्याचा किस्सा सांगितला. पहिल्यांदा सांगितला तेव्हा बस अर्धा तास खोळंबली होती. दुसऱ्यांदा दोन तास. भाषणातला तो परिच्छेद पक्का होईपर्यंत बस घाटात पोचली होती, अंधार पडला होता आणि ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. बाकीचे माना डोलवत होते, कारण किस्सा झकास जमला होता. कडेला बसलेली एक मुलगी म्हणाली, "त्या दिवशी परत येताना ना, मी आणि..." तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, सर काय म्हणाले ते सांग!" तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. पुढचं वाक्य काही आलं नाही.

चार डोकी एकत्र बसली की जास्त आठवतं, असं आपण धरून चालतो. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना उलटच आढळलं आहे. वेल्डन आणि बेलिंजर या संशोधकांनी १९९७ मध्ये काही जणांना गटाने बसून आठवायला लावलं, तितक्याच जणांना एकेकटं बसवलं आणि एकेकट्यांनी सांगितलेल्याची नंतर बेरीज केली. बेरीज गटाला भारी पडली. यामागचं एक कारण असं सांगतात की आठवण्याची प्रत्येकाची आपली वाट असते. कोणी बाकावरून शेजाऱ्याकडे जातो, कोणी घंटेवरून गणिताच्या तासाकडे. मध्येच दुसरा बोलला की आपला धागा तुटतो, आणि टोक पुन्हा हाताला लागेलच असं नाही.

याहून मजेशीर, खरं तर थोडं अस्वस्थ करणारं काम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. सांगणारा एखाद्या गोष्टीतला काही भाग सांगतो आणि काही गाळतो. तो गाळलेला भाग पुढे ऐकणाऱ्यांनाही कमी आठवतो. ज्या गोष्टीचा विषयच निघालेला नाही, ती त्या मानाने शाबूत राहते. म्हणजे त्या दिवशी सहलीचं नावही कोणी काढलं नसतं, तर त्या मुलीची परतीची संध्याकाळ जास्त सुखरूप राहिली असती. बसच्या किश्शाने ती पुसट व्हायला सुरुवात केली, तीही हसतखेळत.

म्हणून मला वाटतं, निरोपाच्या दिवसांत वर्ग नुसत्या आठवणी काढत नाही, आठवणींची अधिकृत आवृत्ती काढतो. काय ठेवायचं, काय वगळायचं हे तेव्हाच ठरतं, आणि ते ठरवतात मोठ्या आवाजाचे चार जण. यात कोणाचा काही डाव नसतो. गप्प बसणाऱ्यांनाही तो किस्सा आवडलेला असतोच. फक्त पंचवीस वर्षांनी तेही तोच सांगतात आणि आपण बसमध्ये कोणाशेजारी बसलो होतो ते त्यांना सांगता येत नाही.

वर्गाच्या फोटोचंही तसंच. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, जमिनीवर मांडी घातलेली बुटकी मंडळी, मागच्या बाकावर उभे राहिलेले उंच. कोणाचे तरी डोळे मिटलेले, कोणीतरी शेजाऱ्याच्या डोक्यामागे बोटांची शिंगं काढलेली. आणि त्या दिवशी तापाने घरी राहिलेला मुलगा फोटोपुरता त्या वर्गात कधी नव्हताच! मध्येच शाळा सोडून गेलेल्यांची तर बातच नको. सात वर्षं एका बाकावर बसलेली मैत्रीण बदलीमुळे गेली की अधिकृत आवृत्तीत तिला ओळीपुरतीही जागा मिळत नाही.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मेंदूला मानलं पाहिजे. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ३९२ जणांची परीक्षा घेतली. त्यात नुकतीच शाळा सोडलेले होते, तसे सत्तरी ओलांडलेलेही होते. शाळा सोडून तीसेक वर्षं उलटलेल्यांनीही जुन्या फोटोंमधून आपल्या वर्गातले चेहरे साधारण नव्वद टक्के बरोबर ओळखले. नुसती नावं आठवून सांगा म्हटल्यावर मात्र गाडी लवकर अडली. तेव्हा रस्त्यात भेटलेला जुना वर्गमित्र 'अरे, तू!' म्हणून मिठी मारतो आणि पुढची दहा मिनिटं शिताफीने नाव टाळून बोलतो, त्याचा राग मानू नये. तुम्हीही तेच करत असता.

याच बाहरिकांनी पुढे, १९९६ मध्ये, कॉलेजच्या मुलांना शाळेतल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि शाळेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सर्वांत वरची श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली. 'ड' श्रेणी फक्त २९ टक्के. चुका बहुतेक एकाच दिशेने, वरच्या. शाळा सोडून फार वर्षं झालेली नसताना ही गत, तर पन्नाशीतल्या बापाने 'माझ्या वेळी मी कधी नापास झालो नाही' म्हटलं की मुलांनी ते किती मनावर घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शिक्षकांचा हिशेब वेगळा. मुलांना वाटतं आपला वर्ग एकमेव. सर दरवर्षी तेच वाक्य म्हणतात, 'असा वर्ग पुन्हा मिळणार नाही', आणि गंमत म्हणजे बहुधा दरवर्षी मनापासून म्हणतात.

भाचीच्या भाषणात मी ढवळाढवळ केली नाही. मुलं निघाली तेव्हा त्या कडेच्या मुलीला मात्र विचारलं, "परत येताना काय झालं होतं गं?" ती बूट घालता घालता म्हणाली, "काही नाही काका. आम्ही दोघी बसच्या मागच्या काचेवर वाफ काढून बसमधल्या सगळ्यांची नावं लिहीत होतो. एकेक नाव विरायचं, की परत लिहायचो." मग हसली. "शेवटी ड्रायव्हर ओरडला, बास करा म्हणून. रडकुंडीला वगैरे काही आला नव्हता हं तो. भयंकर चिडला होता."